एका टाकीत आर्देश

"लक्झेंबर्गला एकदा टाकी भरली, की थेट दक्षिणेतल्या आर्देशच्या कॅम्पपर्यंत फ्रान्समध्ये डिझेलचा थेंब घेणार नाही. मागे कॅरॅव्हानचं चाकांवरचं घर असूनसुद्धा," असं माझा नवरा वोल्टर चर्चच्या दारात कॉफी पिता पिता म्हणाला. हळू म्हणाला असता तर पुढचं काही घडलं नसतं. पण समोर त्याचा साडू एव्हर्ट उभा होता.

"अरे, कॅरॅव्हान म्हणजे गाडीच्या पाठीला बांधलेलं उभं कपाट," एव्हर्ट म्हणाला. "वारा काय त्याला वाट सोडून उभा राहणार आहे? निम्म्या वाटेत तुझी गाडी तहानेने मरेल."

"चालवणाऱ्याच्या पायावर असतं ते. तुझा पाय जड आहे."

"आणि नाही जमलं तर?"

"तर सुट्टीभर तुमची भांडी मी घासीन. जमलं तर आमची तू."

आमच्याकडे पैज लावणं पाप. म्हणून दोघांनी याला 'ठराव' म्हटलं. पाद्रीसाहेब शेजारीच होते, पण ते कॉफीतली साखर फार वेळ ढवळत राहिले.

कॅम्पवर भांडी घासणं ही साधी गोष्ट नव्हे. खरकट्याचा टब काखेत मारून सगळ्या तंबूंसमोरून सार्वजनिक मोरीपर्यंत चालत जावं लागतं, आणि प्रत्येक मांडवाखालून कुणीतरी विचारतं, "काय, आज तुमची पाळी?" सुट्टीभर हे एव्हर्टसाठी करायचं या कल्पनेनेच वोल्टरची झोप उडाली.

मला त्या भांड्यांचं काही नव्हतं. मला रविवारची काळजी. रविवारी आम्ही चाक हलवत नाही, दिडकीची खरेदी करत नाही, चूलही पेटवत नाही. रविवारचं मांससुद्धा शनिवारीच शिजवून ठेवायचं. लग्नाआधीपासून हा नेम मी मोडलेला नाही. आणि आमचा रविवार शनिवारच्या अंधाराबरोबरच सुरू होतो. तेव्हा शनिवारी सूर्य मावळायच्या आत कॅम्पवर पोचलो नाही, तर अख्खा रविवार हमरस्त्याच्या कडेला ट्रकवाल्यांच्या संडासाशेजारी स्तोत्रं म्हणत काढायचा.

वोल्टरने न्हाणीघरातला वजनकाटा उचलून कॅरॅव्हानच्या दारात मांडला. जे आत जाईल ते आधी काट्यावर चढेल. खुर्च्या उतरल्या. दारापुढे उभारायचा कापडी मांडव उतरला. चिनी मातीच्या ताटल्या उतरल्या, बश्या उतरल्या, पातेली उतरली. आमची मुलगी हानेके केस वाळवायचं यंत्र घेऊन आली आणि परत गेली. मग वोल्टरची नजर सासूबाईंवर स्थिरावली.

"माझ्याकडे बघू नकोस," सासूबाई म्हणाल्या. "तुला नऊ महिने वाहिलंय मी. तेव्हा काटा आणला होता का?"

त्या मोजणीशिवाय गाडीत बसल्या.

शुक्रवारी निघालो, रात्री लक्झेंबर्गमध्ये मुक्काम केला. शनिवारी सकाळी पंपावर हॉलंडच्याच गाड्यांची रांग. स्वस्त डिझेलच्या वासाने आमचा अख्खा देश तिथे जमतो. वोल्टरने टाकी अशी भरली, की थेंब बाहेर डोकावून परत आत गेला. मग त्याने नियम वाचून दाखवले. खिडक्या बंद, कारण उघडल्या तर वारा अडतो. गारव्याचं यंत्र बंद, कारण ते डिझेल पितं. हानेकेचा मोबाइल चार्ज होणार नाही, कारण तोही पितो.

"बाबा, मी श्वास घेऊ ना?" हानेकेने विचारलं.

"हळू."

उन्हं चढली तशी गाडीची भट्टी झाली. आम्ही पावरोटीसारखे फुगत होतो. वेग इतका बेताचा, की मागे ट्रकांची वरात लागली. वाजंत्रीही होती, सगळे भोंगे वाजवत होते. वृद्धाश्रमाची एक बस आमच्या पुढे गेली आणि आतल्या आजोबांनी कीव आल्यासारखा हात हलवला.

तरीही डिझेलचा काटा भराभर उतरत होता. वोल्टर त्याच्याकडे असा बघे, जसे मास्तर चांगल्या घरच्या वाया गेलेल्या पोराकडे बघतात.

"हे शक्य नाही. एवढं वजनच नाही आपल्याकडे," तो पुटपुटला.

दुपारी एका थांब्यावर पाव खाल्ला. जेवणानंतर शास्त्राचा, म्हणजे बायबलचा, एक अध्याय वाचायचा हा माझा दुसरा नेम. क्रमाने, न गाळता. वोल्टर घड्याळ बघत होता, म्हणून मी जरा सावकाशच वाचला. घाईत वाचलेलं पोचत नाही. योगायोगाने अध्याय होता वाळवंटात भटकणाऱ्या लोकांचा. खायला धड नाही, आणि मागे सोडून आलेल्या कांद्यांच्या आठवणीने सगळे रडताहेत.

सासूबाईंनी समाधानाने मान डोलावली. "घरून आणायला हवं होतं त्यांनी. परमुलखात भाजीपाल्याचा काय भरवसा?"

वोल्टरचा पाव हातातच राहिला. "आई, घरून काय आणायला हवं होतं?"

"मी त्यांचं म्हणतेय."

"आई, तू काय आणलंस?"

सासूबाई डोंगराकडे बघू लागल्या. वोल्टर कॅरॅव्हानमध्ये घुसला. पलंगाची फळी उचलल्याचा आवाज आला, पाठोपाठ बाकाची. मग तो दारात आला. त्याच्या हातात बटाटा होता.

"पोती आहेत," तो म्हणाला. "आई, पोती! पलंगाखाली, बाकाखाली, न्हाणीत."

"फ्रान्समधले बटाटे शिजतात की विरघळतात ते कळत नाही," सासूबाई शांतपणे म्हणाल्या. "तू लहानपणी आजारी पडला होतास त्याने."

"टाकून देतो इथेच."

"अन्न टाकणार? आत्ताच अध्याय ऐकलास ना?"

वोल्टरने माझ्याकडे पाहिलं. मी शास्त्र मिटलं. बटाटे गाडीतच राहिले. मग त्याने हानेकेची झडती घेतली. केस वाळवायचं यंत्र उशीच्या अभ्र्यात सापडलं. मला त्याने काही विचारलं नाही. विचारलं असतं तर मी खरं सांगितलं असतं. मी खोटं बोलत नाही. पण विचारलं नाही.

संध्याकाळी घाट लागला आणि काट्याशेजारी पिवळा दिवा पेटला. वोल्टर पुढे वाकून, पोटाने गाडी ढकलत असल्यासारखा बसला. नवऱ्याच्या पैजेसाठी देवाला साकडं घालणं बरं नव्हे, म्हणून मी डोळे मिटून फक्त रविवारबद्दल बोलले. डिझेलचा विषय मी काढला नाही. त्याला काय ते समजतं.

"बाबा, पंप," हानेके म्हणाली.

वोल्टरने मान वळवलीच नाही.

"वोल्टर," मी हळूच म्हटलं, "उद्या रविवार आहे."

"माहीत आहे मला."

पंप मागे गेला. थोड्या वेळाने गाडी खोकली, शिंकली आणि एका वळणावर, शेवटच्या चढाच्या पायथ्याशी, मान टाकून उभी राहिली. कॅम्प त्या चढापलीकडेच होता. सूर्य डोंगराला टेकायला आला होता.

तेवढ्यात एक शेतकरी ट्रॅक्टर घेऊन शेतातून वर आला. नाव फाब्रेग. वोल्टरने मोडक्यातोडक्या फ्रेंचमध्ये अडचण सांगितली. त्या भल्या माणसाने लगेच ट्रॅक्टरमागची डिझेलची टाकी दाखवली आणि नळी काढली.

"नको नको," वोल्टर दोन्ही हात पसरून टाकीच्या तोंडासमोर उभा राहिला. "डिझेल नको."

"डिझेल संपलंय ना?"

"हो."

"मग देतो की."

"नको."

फाब्रेगने माझ्याकडे पाहिलं. याला असं कधीपासून होतंय, असं त्याच्या डोळ्यांत होतं.

"ओढून न्या," वोल्टर म्हणाला. "फक्त ओढा."

फाब्रेगने घराकडे बोट दाखवलं; जेवायची वेळ झाली होती. वेड्यांसाठी जेवण थंड करायची त्याची इच्छा दिसेना. तेव्हा सासूबाई गाडीतून उतरल्या. कॅरॅव्हानमध्ये जाऊन पदरात घ्यावेत तसे झग्यात बटाटे घेऊन आल्या आणि एक त्याच्या हातावर ठेवला. त्याने तो उलटसुलट केला, नखाने साल खरवडली, हुंगला. सासूबाईंनी भुवई उंचावली. त्यानेही. दोघांना एकमेकांची भाषा येत नव्हती, पण बटाट्याची येत होती.

सगळी पोती ट्रॅक्टरवर चढली आणि साखळी बांधली गेली.

असे आम्ही कॅम्पमध्ये शिरलो: पुढे ट्रॅक्टर, मागे गाडी, तिच्यामागे कॅरॅव्हान, आणि त्यामागे सूर्य, अगदी शेवटचा तुकडा. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. रविवार वाचला होता.

एव्हर्ट मांडवाखाली पाय पसरून बसला होता, शेजारी माझी बहीण याकोबा विणत होती.

"हे काय? बैल जोडलास?" एव्हर्ट म्हणाला.

"फ्रान्समध्ये डिझेलचा थेंब घेतला नाही," वोल्टर म्हणाला.

"ट्रॅक्टर पाण्यावर चालतो का?"

"त्याने घेतलं. मी नाही घेतलं. मी बटाटे दिले."

वाद पेटला. शेवटी याकोबा सुई न थांबवता म्हणाली, "ताईला विचारा. ती खोटं बोलत नाही."

सगळे माझ्याकडे वळले. "नाही घेतलं," मी म्हटलं. "देत होते, तरी नाही घेतलं."

एव्हर्ट उठला. ठराव म्हणजे ठराव. त्याने बाह्या सरसावल्या आणि सगळ्या कॅम्पला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "आण बाबा तुझी भांडी."

वोल्टरने ऐटीत कॅरॅव्हानचं कपाट उघडलं. आत कागदी ताटल्यांची चळत होती. कागदी पेले होते. लाकडी चमचे होते, वापरून टाकायचे. वजनकाट्याची कृपा.

एव्हर्ट परत खुर्चीत बसला. त्याने पाय पहिल्यापेक्षा लांब पसरले. "सुट्टी चांगली जाणार," तो म्हणाला.

वोल्टरचा चेहरा मला बघवेना. अंधार पडायला थोडा अवकाश होता, आणि रविवारचं मांस शिजायचं होतं. म्हणून मी पलंगाखालून माझा रविवारचा झगा काढला आणि त्याच्या घडीतून आईने दिलेलं, कधी साबण न लागलेलं बिडाचं भांडं बाहेर आणलं, झाकणासकट.

वोल्टरने ते एका हाताने उचलायला घेतलं, मग दुसराही लावला. "हे सगळा वेळ आत होतं?"

"तू विचारलं नाहीस," मी म्हटलं.

पण त्याचे डोळे चमकले. "एव्हर्ट! ऊठ! एक भांडं आहे!"

ते मात्र झालं नाही. सोमवारी, आणि पुढे सुट्टीभर, टब काखेत मारून सगळ्या मांडवांसमोरून मोरीवर मीच जात होते. बिडाच्या भांड्याला मी पुरुषाचा हात लागू देत नाही. साबण लावतात मेले.