शिळी झालेली उडी

एकदा शिकलेली उडी तीन वर्षांनी शिळी होते. ही गोष्ट शरीराला माहीत नसते, म्हणून ती शासनाला माहीत ठेवावी लागते. भाकरी शिळी झाली की हाताला कळतं, दूध नासलं की नाकाला कळतं. पण सौंसरच्या मुलींच्या शाळेत पीटी शिकवणाऱ्या मालती बारंगे बाई रोज सकाळी दोरीवरून जी उडी मारत, ती ताजी आहे की मुदत संपलेली, हे नुसतं बघून कुणालाही सांगता आलं नसतं. त्यासाठी कागद लागतो.

हे ओळखून त्या काळी, म्हणजे अख्ख्या आळीत एकच टीव्ही असायचा आणि रविवारी सगळी आळी त्या घरात बसायची त्या काळी, जिल्ह्याच्या ठिकाणी, छिंदवाड्याला, 'देहक्षमता नवीकरण मंडळ' स्थापन झालं. मंडळाचं म्हणणं साधं होतं. व्यायाम शिकवणाऱ्या प्रत्येकाने दर तीन वर्षांनी शिबिरात यावं, व्यायामाविषयीचं नवीन ज्ञान बसून ऐकावं, शेवटच्या दिवशी प्रात्यक्षिक द्यावं आणि ताजं होऊन घरी जावं. (मंडळाच्या सदस्यांना नवीकरणाची अट नव्हती. ते आधीपासूनच बसलेले होते.)

मंडळाच्या कामाला लवकरच फळं धरली. मंडळाच्याच अहवालानुसार, पहिल्या नवीकरणानंतर शिक्षकाचं वजन सरासरी चार किलोंनी वाढलं आणि दुसऱ्यानंतर सात. अहवालात या सदराला 'व्यक्तिमत्त्वाचा विकास' असं नाव होतं. ज्यांचं नवीकरण व्हायचं होतं ते शिक्षक बिचारे अजून पळतच होते.

मालतीबाई अशा मागासलेल्यांपैकी. त्यांचा कागद आदल्या वर्षी शिळा झाला, तोही नेमका जिल्ह्याच्या खो-खो सामन्यांच्या तोंडावर. मुलींचा संघ तालुक्याबाहेर न्यायचा तर सोबत ताज्या कागदाचा मार्गदर्शक पाहिजे, असा नियम होता. मुली डब्यांसकट बस स्टँडवरून घरी परतल्या. वेण्यांना बांधलेल्या नव्या फितीसुद्धा तशाच परतल्या.

संघाची कप्तान होती यमुना, रामाकोन्याची. पाठलाग करताना ती खांबापाशी अशी वळायची की पुढची मुलगी थांबून बघत राहायची आणि बाद व्हायची. या वर्षी तिचे वडील, दादाजी, कापसाची गाडी बाजारात उभी करून शाळेत आले आणि उभ्या उभ्याच बोलले.

"पाहा बाई, मी सरळ माणूस हावो. पोरगी छिंदवाड्याले खेळून आली त मी तिले पुढं शिकू देतो. साऱ्या गावापुढं सांगतो. अन् मागच्यासारखी स्टँडावरून वापस आली, त माघात लगन उरकून टाकतो. मले बी लोकाईले तोंड द्या लागते."

"दादाजी, या वर्षी जाणारच आम्ही," मालतीबाई म्हणाल्या.

"पायानं जाणार की कागदानं?" दादाजींनी विचारलं. शासकीय धोरणाचं सार त्यांना असं बैलगाडीत बसल्या बसल्या समजलेलं होतं.

सामने सोमवारी होते. शिबिर त्याआधीच्या शनिवारी संपत होतं, पांढुर्ण्याला. म्हणजे शनिवारी प्रात्यक्षिक झालं की कागद हातात, आणि कागद हातात आला की यमुना छिंदवाड्याला. इतकं सोपं होतं ते.

आता या शिबिराविषयी थोडं सांगणं आवश्यक आहे. ते एक वर्ष सौंसरला भरे आणि एक वर्ष पांढुर्ण्याला, आणि त्यात खरी चढाओढ व्यायामाची नसून पाहुणचाराची होती. आदल्या साली सौंसरकरांनी रोज दोन गोडाचे पदार्थ वाढले होते. ही गोष्ट पांढुर्ण्याच्या पाहुणचार समितीचे अध्यक्ष गुणवंतभाऊ यांनी मनाला लावून घेतली. गुणवंतभाऊंजवळ संत्र्याची बाग होती, कापसाचा व्यापार होता आणि गावाची इज्जत होती. तिन्ही त्यांनी शिबिरासाठी मोकळी सोडली.

शिबिराचा दिनक्रम शास्त्रशुद्ध होता. सकाळी धर्मशाळेत नाश्ता. नंतर 'पळण्याचे फायदे' या विषयावर व्याख्यान, सतरंजीवर लोडाला टेकून. मग संत्री. मग 'लठ्ठपणा : एक राष्ट्रीय समस्या' या विषयावर चर्चा, तीही जेवणाची घंटा होईपर्यंतच. जेवणानंतर चिंतन. (चिंतनाचा आवाज स्टेशनपर्यंत ऐकू येई, असं तिगावहून पॅसेंजरने येणारे सांगत.) चार वाजता चहा, आणि चहानंतर दुसऱ्या दिवशीच्या कार्यक्रमाची रूपरेषा, म्हणजे भाजी कुठली करायची ते.

मालतीबाई पहाटे सौंसरच्या मैदानावर मुलींचा सराव घेत, धावत स्टँड गाठत आणि पहिल्या बसने पांढुर्ण्याला येत. त्यामुळे त्यांना नाश्त्याला उशीर होई. मंडळाने त्यांच्या नावापुढे 'व्यायामाविषयी अनास्था' असा शेरा मारला होता.

त्यांच्या शेजारी लोडाला टेकून श्रीकांत मास्तर असत. हे सौंसरच्याच मुलांच्या शाळेत चित्रकला शिकवायचे. तिथले पीटी मास्तर बदलून गेल्यावर व्यायामाचा प्रभार त्यांच्याकडे आला, कारण शाळेत शिट्टी फक्त त्यांच्याकडे होती.

"बाई, उभ्या कायले राहता?" ते कळवळून म्हणत. "उभं राहिलं का माणूस थकते."

"मास्तर, हे व्यायामाचं शिबिर आहे."

"म्हणूनच सांगून राहिलो न. ताकद जपा."

मालतीबाईंना चिंता एकच होती. शनिवारी दुपारी प्रात्यक्षिक, आणि त्याच्याआधी समारोपाची पंगत. गुणवंतभाऊंच्या जेवणानंतर माणूस पळू शकत नाही, हे त्यांनी आठवडाभर डोळ्यांनी पाहिलं होतं. शुक्रवारी त्यांनी धीर करून भाऊंना गाठलं.

"भाऊ, एक विनंती होती. उद्या प्रात्यक्षिक आहे. पोरींच्या सामन्याचा प्रश्न आहे. उद्याचं जेवण जरा हलकं ठेवाल का?"

भाऊ गंभीर झाले. पाहुणी स्वतःच्या तोंडाने काही मागते आहे, असा योग समितीच्या इतिहासात पहिल्यांदाच आला होता.

"बाई," ते म्हणाले, "तुम्ही फिकरच नोका करू. उद्या असं हलकं करतो, असं हलकं करतो, का सौंसरवाल्याईनं जन्मात खाल्लं नसन."

शनिवारी पत्रावळी मांडल्या गेल्या. त्यावर तुपात बुडवून काढलेले रोडगे आले, वांग्याची भाजी आली, पुरणपोळी आली, पोळीवर तुपाची धार आली, मग शिरा आला आणि शिऱ्यालाही आपण एकटे आहोत असं वाटू नये म्हणून बुंदी आली.

"भाऊ!" मालतीबाई पत्रावळीकडे बघत म्हणाल्या. "हलकं म्हटलं होतं ना?"

"मंग?" गुणवंतभाऊंची छाती फुगली. "तेलाचा थेंब नाही टाकला जी! सारं तुपातलं हाय. भजे बंद, वडे बंद, तिखट तर्री बंद. विचारा आचाऱ्याले."

यावर वाद घालता येत नाही. तेल जड असतं आणि तूप हलकं असतं, हे त्या भागात लहान मुलालाही ठाऊक असतं. जड खाणारा माणूस आजारी पडतो. हलकं खाणारा नुसता पडतो.

पंगतीचे नियम तीन. मुख्य पाहुणा उठल्याशिवाय कुणी उठायचं नाही. यजमानाचा आग्रह चालू असताना मुख्य पाहुण्याने उठायचं नाही. आणि मुख्य पाहुणा बसलेला असेपर्यंत यजमानाने आग्रह थांबवायचा नाही. या तिन्ही नियमांचं एकाच वेळी काटेकोर पालन केलं तर पंगत कधी संपत नाही, आणि पांढुर्ण्याचे लोक नियमाचे पक्के.

मुख्य पाहुणे होते मंडळाचे परीक्षक, शालिकराम तिवारी साहेब. ते पूर्वी लांब उडी मारत असत. आता ते लांब उडीविषयी बोलत असत. त्यांच्या डावीकडे गुणवंतभाऊ पोळ्यांची परात घेऊन, उजवीकडे भाऊंचा आचारी तुपाचं भांडं घेऊन, आणि बायकांच्या पंगतीत भाऊंची आई, मनकर्णाबाई, स्वतः कमरेला पदर खोचून.

"मनकर्णामावशी, पुरे," मालतीबाई पत्रावळीवर हात आडवा धरून म्हणाल्या.

"हात काढ वो माय. नाही त हातावर वाढीन."

"मला पळायचं आहे मावशी."

"म्हणूनच सांगून राहिली न! पोटात काही नसन त पळशीन कशी? पाहा कशी वाळून गेली. व्यायाम करते म्हणे."

तरी मालतीबाईंनी निम्मं टाळलं. असं टाळणाऱ्या शिबिरात त्या एकट्याच होत्या आणि हेच पुढे त्यांना भोवलं.

पंगत उठली, म्हणजे लोकांना उठवलं गेलं. प्रात्यक्षिकाची वेळ झाली. तिवारी साहेबांनी भिंतीला धरून विचारलं, "मैदान किधर है?"

"इथंच हाय साहेब, ह्या भिंतीमागं," गुणवंतभाऊ म्हणाले.

साहेबांनी भिंतीकडे पाहिलं. पुष्कळ वेळ पाहिलं. मग अभ्यासक्रम मागवला आणि त्यातलं शेवटचं कलम मोठ्याने वाचलं : शवासन. "परीक्षा सिलेबस के अंदर से ही होगी," ते न्यायबुद्धीने म्हणाले. "आज यही लेंगे."

सगळे शिक्षक सतरंजीवर आडवे झाले. परीक्षार्थ्यांच्या पातळीवर उतरल्याशिवाय खरं मूल्यमापन होत नाही, म्हणून साहेबही सतरंजीच्या टोकाला आडवे झाले. धर्मशाळेत शांतता पसरली. त्या दिवशी जे शवासन झालं तसं ऋषीमुनींनाही साधलं नसेल. त्यांच्याकडे तूप असलं तरी गुणवंतभाऊ नव्हते. श्रीकांत मास्तर तर पहिल्याच मिनिटात समाधीला पोचले आणि तसं त्यांनी घोरून कळवलं.

एकट्या मालतीबाई जाग्या होत्या. पोट हलकं, डोकं जड. सौंसरची बस किती वाजता, कागदावर सही केव्हा होणार, नाणेफेक जिंकली तर यमुनेने पाठलाग आधी घ्यावा की नंतर. विचार करता करता त्यांचा पायाचा अंगठा ताल धरू लागला. सतरंजी एकच होती. अंगठा हलला की ती हले, ती हलली की साहेब हलत. असं तिसऱ्यांदा झालं तेव्हा साहेब जागे झाले.

निकाल जागच्या जागीच लागला. सगळे उत्तीर्ण. श्रीकांत मास्तर विशेष प्रावीण्यासह. "बारंगे बहनजी," साहेब दुःखाने म्हणाले, "आपमें स्थिरता की कमी है. अगले साल पूरक में आइए."

"साहेब, मी पळून दाखवते! इथून स्टेशनपर्यंत आणि परत. दोरीवर चढते. काहीही सांगा."

"आज वो पूछा नहीं गया था, बहनजी."

संध्याकाळच्या बसमध्ये मालतीबाई खिडकीशी बसल्या. बाहेर संत्र्याच्या बागा मागे पळत होत्या, कुठल्याही कागदाशिवाय. मांडीवर प्रत्येक पाहुण्याला मिळाली तशी संत्र्यांची पिशवी. उद्या दादाजींना काय सांगायचं? पोरगी पायाने हरली नाही, माझ्या अंगठ्याने हरली?

पुढच्या बाकावरून श्रीकांत मास्तर वळले. त्यांचं वळणं पुरं होईतो बसने मोहपाणी गाव ओलांडलं.

"बाई, रडून राहिल्या काय?"

"नाही."

"कागद माह्यापाशी आहे न ताजा. मी नेतो पोरी."

"मास्तर, खो-खोत किती गडी असतात ठाऊक आहे तुम्हाला?"

"नाही. पण मार्गदर्शकाले खुर्चीवर बसा लागते, ते मले येते."

"आणि मी? मला मैदानात कोण येऊ देईल?"

मास्तरांनी एक संत्रं सोलून अर्धं त्यांना दिलं. "मी साहेबाले विचारून घेतलं. पाणी पाजणाऱ्या बाईले कागद लागत नाही."

सोमवारी छिंदवाड्याच्या मैदानावर सौंसरच्या मुलींना विलक्षण तहान लागली. खुर्चीवर श्रीकांत मास्तर गळ्यात शिट्टी घालून स्थिर बसले होते आणि मैदानाच्या कडेने एक बाई कळशी-लोटा घेऊन पळत होत्या. "यमुने, पाणी घे अन् डावीकडून वळ!" "पाणी पाहिजे का गं, खांबाकडं चल!" "उठ लवकर, नाही तर पाणी नाही मिळायचं!"

पंच वैतागले. "ये पानीवाली बहुत बोलती है!"

"साहेब," मास्तर खुर्चीवरून न हलता म्हणाले, "आमच्या सौंसरकडे पाणी असंच पाजतात."

संघ जिल्ह्यात दुसरा आला. मार्गदर्शनाची ढाल श्रीकांत मास्तरांना मिळाली. ती त्यांनी बसून स्वीकारली. फोटोत मधोमध तेच आहेत. डावीकडे अर्ध्या मालतीबाई आणि पूर्ण कळशी आलेली आहे.

दादाजी स्टँडवर उभेच होते. "दुसरी त दुसरी," ते जमलेल्यांना सांगत होते. "पण छिंदवाड्याची दुसरी हाय, रामाकोन्याची नाही." माघात लग्नाची गोष्ट निघाली नाही. जुलैत यमुनेचं नाव पुढच्या वर्गात घातलं गेलं.

राहिली मालतीबाईंची पूरक परीक्षा. तिची तयारी मुलींनी करून घेतली. शाळा सुटल्यावर मैदानात बाई आडव्या पडत आणि यमुना शिट्टी घेऊन उशाशी उभी राही.

"बाई, अंगठा!"

"नाही गं हलला."

"हलला. मी पाहून राहिली न. पापणी बी हलली. पुन्हा करा पहिल्यापासून!"

अशा मेहनतीने त्या काठावर उत्तीर्ण झाल्या आणि त्यांची उडी पुन्हा ताजी झाली. (मधल्या काळात ती शिळी होती, पण मुलींना ती तशीच खाऊ घालत राहिल्या. कुणालाही बाधली नाही.)

पुढे मंडळाने शिबिरं बंद केली. प्रवासात शिक्षकांची फार हालचाल होते असं लक्षात आलं. त्याऐवजी घरबसल्या नवीकरणाची सोय निघाली. व्यायामाविषयीचा एखादा मजकूर एका बैठकीत, मध्ये न उठता शेवटपर्यंत वाचला की तीन वर्षांची निश्चिंती.

तेव्हा अभिनंदन. तुमचं नवीकरण झालेलं आहे. आता सावकाश उठा. उठताना गुडघ्यावर हात टेकावा लागला तर मनाला लावून घेऊ नका. मंडळात त्याला अनुभव म्हणतात.