पैलवानाने झाकण हलकेच लावलं

"मी आणि भांडी घासणार? या जन्मात नाही!"

असं छाती ठोकून सांगणारा हा गृहस्थ. अंगाने काडी, पण बरण्यांची झाकणं अशी आवळायचा की उघडताना बायकोच्या तोंडाला फेस यायचा. म्हणून घरात नाव पडलं पैलवान!

भांडी धुण्याचं मशीन त्यानेच हट्टाने आणलं. पण कपांवर पांढरे डाग पडायला लागले आणि बायकोचं टाळकं सटकलं.

"आज डाग दिसले तर मशीन ताईच्या घरी, आणि घासणी तुझ्या हातात!"

तिची ताई नवऱ्यासह चहाला येणार होती. मुद्दाम मोठी गाडी घेऊन!

डागांवर औषध मीठ. मशीनच्या तळाशी त्याचा कप्पा असतो. माहितीपुस्तक वाचणं म्हणजे शरणागती, असं मानणाऱ्या जमातीतला हा! त्याने भसाभस मीठ ओतलं, झाकण ठेवलं आणि थबकला. झाकणांवरून रोज शिव्या खातो, आज तरी शहाणपणा करू. अर्धाच फेरा दिला आणि मशीन चालू केलं.

कप निघाले लखलखीत! पैलवानाने मिशीला पीळ दिला.

चहा आला. साडूंनी घोट घेतला आणि तोंड असं केलं, जणू समुद्रात गटांगळी खाल्ली.

"दूध नासलंय!" ताई म्हणाली.

दूध मोरीत. नवं दूध, नवे कप, तीच चव!

"साखरेत मीठ पडलंय!"

साखर कचऱ्यात. पुन्हा चहा, पुन्हा समुद्र!

"अहो, मला बीपी आहे!" साडू कळवळले. "डॉक्टरांनी मीठ तोडलंय!"

"साडूभाऊ, तुमच्याच तोंडाची चव गेली असेल," पैलवान बोलला.

बायको उठली. स्वयंपाकघरात जाऊन तिने एक कोरा कप चाटला, मग मशीन उघडलं. तळाशी मिठाचं झाकण सुटून आडवं पडलेलं, मीठ सगळ्या भांड्यांवर!

"जन्मभर झाकणं आवळलीस," ती दातओठ खात कुजबुजली, "आणि आजच नाजूक झालास?"

"तूच म्हणायचीस ना, हलकेच लाव..."

अब्रूसाठी तिने बाहेर येऊन चहापत्तीवर खापर फोडलं. "आणि ताई, मशीन घेऊनच जा. आम्हाला नाही झेपत."

दुसऱ्या दिवशी पैलवान कोपरापर्यंत फेसात. साडूंचा फोन वाजला.

"साडूभाऊ, मीठ भरलं बघा! झाकण किती आवळू?"

पैलवानाने आपली सुरकुतलेली बोटं बघितली. खरकट्या कढईकडे बघितलं.

"अर्धा फेरा बास हो! उगाच उघडताना ताईंना त्रास नको!"