शुक्रवारची कादंबरी

त्र्यंबकरावांनी कादंबरीतल्या कुठल्याही घोड्याला कधी वेळेवर पोचू दिलं नाही. नायक देवगिरीहून भरधाव निघाला, की त्यांचा चष्मा कपाळावर जायचा, बोटांवर कोस मोजले जायचे आणि निकाल लागायचा, "मधी दोन नद्या, चारा न्हाई, पाणी न्हाई. घोडा लेट हाये!"

त्यांचाही इलाज नव्हता. जालना स्टेशनावर ते मालबाबू. सरकीची पोती आणि गाड्यांच्या वेळा यांतच हयात गेलेली. बायको लवकर वारली, मूलबाळ नाही. घरात ते आणि धाकटी बहीण गोदाक्का. निजामाचं राज्य होतं. शाळेत मी मुलांना हिशेबसुद्धा उर्दूतून शिकवायचो, त्यामुळे त्यांच्याकडे पुण्याहून मराठी कादंबरीचं पार्सल आलं की शेजारी म्हणून माझाही जीव हरखायचा. शुक्रवारी सुट्टी. दुपारी त्यांच्या ओसरीवर वाचन.

वाचन अगदी पोथीसारखं. पाटावर कादंबरी, तिला हळदकुंकू, त्र्यंबकराव धुतल्या धोतरात. सुरू केलेला अध्याय अर्धा सोडायचा नाही, हा नियम त्यांचाच. नायक-नायिकेचं लग्न लागलं की समोरच्या सेठाणीबाई गूळ-फुटाणे वाटायच्या आणि आम्ही सगळे कादंबरीवर अक्षता टाकायचो. मला मास्तर असून लाज वाटायची, पण टाकायचो.

कादंबऱ्या सगळ्या एका माळेचे मणी. नायिका इतकी नाजूक की फुलाचा भार सोसेना, पण गडाचा तट मात्र दोराशिवाय चढायची. एकदा यादवांच्या राजवाड्यात तिनं नायकाला मिरचीचा ठेचा वाढला. मी म्हटलं, "त्र्यंबकराव, मिरची तर फिरंग्यांनी आणली. यादवांना कुठून मिळाली?"

ते भडकलेच. "मास्तर, तुम्ही शाळेत खरा इतिहास शिकवून राह्यले, त्यानं कोणाचा जीव रमला? हे झूट हाये, पण बराबर झूट हाये. भाकरीसंगं काहीतरी तिखट लागतंच!"

मिरचीला माफी होती, घोड्याला नव्हती.

गोदाक्का आतल्या दाराशी बसून ऐकायची. अकराव्या वर्षीच पांढऱ्या कपाळानं माहेरी परत आलेली. अक्षतांची वेळ झाली की ती आपणहून उठून चुलीकडे जायची. तिला कुणी जा म्हणायचं नाही. थांब असंही कुणी म्हणायचं नाही, आणि त्यात मीही आलो.

त्या शुक्रवारी नायक वरंगळच्या लढाईवर गेला होता. नायिका देवगिरीला वाट पाहत होती. त्र्यंबकराव रंगात आले होते. "जासूद म्हणाला, राणीसाहेब..." एवढं वाचून त्यांनी पान उलटलं आणि त्यांचा आवाजच बसला. मी शेजारून डोकावलो. नायक पडला होता. नायिकेच्या बांगड्या फुटत होत्या, कुंकू पुसलं जात होतं. लेखकानं ते चांगलं दीड पान मन लावून पुसलं होतं.

ते दीड पान सगळ्या गल्लीसमोर बहिणीला वाचून दाखवायचं!

"पान फाटलंय," ते म्हणाले. "आता बंद करू."

"असं कसं, भाऊजी?" सेठाणीबाई म्हणाल्या. "अध्याय अर्धा ठेवला तर पाप लागतं, तुम्हीच तर म्हणता ना?"

आपल्याच नियमात माणूस इतका वाईट अडकलेला मी तोवर पाहिला नव्हता. त्र्यंबकरावांनी पुस्तक छातीशी घट्ट धरलं. मला त्यांच्याकडे बघवेना.

तेवढ्यात गोदाक्का बाहेर आली. तिनं भावाच्या हातून पुस्तक घेतलं, ते पान एकदा नीट पाहिलं आणि पाटाशी मांडी घालून बसली. "दादा, तुझे डोळे दुखून राह्यलेत. मी वाचते."

तिला अक्षर येतं हेच गल्लीला ठाऊक नव्हतं. भावानं घराचं दार लावून शिकवलं होतं. खणखणीत आवाजात ती वाचू लागली, "जासूद म्हणाला, राणीसाहेब, डोळे पुसा. सरकार सकाळी वरंगळहून निघालेत, दिवेलागणीला वेशीत आलेत!"

पुस्तकात यातलं अक्षरही नव्हतं. वरंगळ ते देवगिरी शंभर कोसांच्या वर. मी त्र्यंबकरावांकडे पाहिलं. ते धोतराच्या सोग्यानं डोळे पुसत होते, आणि मी तोंड उघडणार एवढ्यात त्यांनी माझ्याकडे असं रोखून पाहिलं की मी ते मिटलं.

गोदाक्कानं तिथल्या तिथे दोघांचं पुन्हा एकदा लग्नही लावून टाकलं. पुस्तक तिच्या मांडीवर होतं, म्हणून अक्षता तिच्याही अंगावर पडल्या. ती उठली नाही. 

ती कादंबरी मुळात त्याच अध्यायाला संपत होती. गोदाक्का मात्र त्यातून आणखी सहा शुक्रवार वाचत होती, आणि त्र्यंबकराव आतल्या दाराशी तिच्या जागेवर बसून विचारत होते, "मंग? फुडं काय झालं, गोदे?"