नाव शेवटच्या ओळीत

मोटार शर्यत म्हणजे पाहुण्यांच्या दोन भाषणांच्या मधे काही काळ होणारा आवाज. हे सत्य ज्याला उमगलं, त्याला या क्षेत्रात मरण नाही.

शालिग्रामला ते पहिल्याच वर्षी उमगलं होतं. जिल्ह्यातल्या यच्चयावत मातीतल्या डर्ट बाइक शर्यतींचा तो प्रसिद्धीप्रमुख. (उपप्रमुख कोणी नव्हता, प्रमुख होण्यात त्यामुळे अडचण आली नाही.) अकरा वर्षांत त्याने एकही शर्यत पाहिली नव्हती. पाहणार कशी? पाहुण्यांची तोंडं ट्रॅककडे, शालिग्रामचं तोंड पाहुण्यांकडे. कोणाला पाणी हवं, कोणाचा बिल्ला वाकडा झाला, कोण रुसून उठायच्या बेतात आहे, हे टिपायचं तर ट्रॅककडे पाठच करावी लागते. कोण पुढे आहे ते त्याला मानेवर उडणाऱ्या मातीवरून साधारण कळायचं.

नवोदितांना घडवणं हे त्याचं दुसरं व्रत. त्याने घडवलेल्यांपैकी शंभर टक्के आज इतर क्षेत्रांत यशस्वी आहेत. यंदा धम्मशीला आली. पत्रकारितेची पदवी घेतलेली, हुशार. पण हा दोष जाईल, अशी त्याला आशा होती.

जळगाव जामोदच्या शर्यतीत साखरखेर्ड्याची एक मुलगी पहिली आली. प्रमुख पाहुणे अर्जुनराव गुलाबी फेटा बांधून दोन तास उशिरा आल्यामुळे तोवर तिच्या गाडीचं अर्धं पेट्रोल उभ्या जागी जळालं होतं, तरी पहिली आली. चिखलाने माखलेली ती थेट शालिग्रामसमोर उभी राहिली.

"सर, टायरवाली कंपनी मले नाशिकच्या शर्यतीले पाठवून राह्यली. पण पेपरात छापलेलं नाव मांगते. शुक्रवारपर्यंत कात्रण नाही देल्लं तं दुसऱ्याले पाठवते."

"छापून आलं समज, पोरी," शालिग्राम म्हणाला. मनापासून म्हणाला. त्याला तिचं खरोखर कौतुक वाटलं होतं.

धम्मशीलाने बातमी लिहिली. पहिल्याच ओळीत मुलीचं नाव! शालिग्रामने कपाळाला हात लावला.

"पाह्य. आधी अर्जुनराव. मंग अध्यक्ष पुंजाजी. मंग त्यायचे विचार. मंग हजारो क्रीडारसिक."

"हजारो कुठी होते, सर?"

"आपल्या ध्यानात होते. आन् शेवटी विजेती. शेवटची ओळ मानाची असते."

"पण जागा कमी पडली तं पेपरवाले खालूनच कापतात ना?"

"म्हणून तं पाहुणे वर टाकतो," शालिग्राम समजुतीने म्हणाला.

मुलीचं नाव त्याने स्वतःच्या हाताने शेवटच्या ओळीत नेलं आणि शिवाय ठळक केलं. एवढा मान त्याने आजवर कोणत्याही विजेत्याला दिला नव्हता.

बातमी छापून आली. ती 'हजारो क्रीडारसिक उपस्थित होते' इथे संपली. फोटोही होता. त्यात अर्जुनरावांच्या फेट्यामागे चषकाचा एक कान दिसत होता.

फोन आला. "सर, माह्यं नाव कुठी हाय?"

शालिग्रामला लाज वाटली, अगदी स्वच्छ लाज वाटली. त्याने धम्मशीलाला ताबडतोब दुरुस्ती पाठवायला सांगितलं. शुक्रवारला अजून एक दिवस होता.

तिने ती झटक्यात लिहून दाखवली. सुरुवात अशी होती: 'मा. अर्जुनराव यांच्या मार्गदर्शनाखाली व मा. पुंजाजी यांच्या प्रेरणेने ही दुरुस्ती करण्यात येत आहे.'

"आन् पोरीचं नाव?" शालिग्रामने घाबरत विचारलं.

"शेवटी टाकलं ना, सर. ठळक केलं."

तिला घडवायला त्याला जेमतेम आठवडा लागला होता. शालिग्रामला अभिमान वाटावा की रडावं, ते कळेना. त्याने दुरुस्ती पाठवून दिली, कारण ती निर्दोष होती.

शुक्रवारी दुरुस्ती छापून आली. ती पुंजाजींच्या प्रेरणेपर्यंत आली.

नाशिकला दुसरंच कोणी गेलं. त्या मुलीचं नाव आम्हीही इथे, मानाच्या शेवटच्या ओळीत देणार होतो. पण जागा संपली, आणि फेट्याचा रंग लक्षात ठेवून इथवर आलेल्या तुम्ही वाचकांनीही ते कुठे विचारलंत?