लॅम्प जरा बाजूला घे

चष्म्याच्या दुकानात दिवसभर दुसऱ्यांच्या नजरा दुरुस्त करणाऱ्या आपल्या चष्मेवाल्याची स्वतःची नजर नऊ वर्षांपासून एकाच वस्तूवर खिळली होती. फुल-फ्रेम डीएसएलआर कॅमेरा. तोही त्यातला सगळ्यात खालच्या पायरीवरचा, म्हणजे मोठ्या घराण्यातला साधा भाऊ. दुकानाच्या वाटेवर कॅमेऱ्यांचं एक शोरूम होतं आणि त्याच्या काचेसमोर तो रोज दोन मिनिटं थांबायचा. नऊ वर्षांत काचेआडची मॉडेलं बदलली, सेल्समन बदलले, ह्याचं थांबणं काही बदललं नाही. टीव्ही बघता बघता त्याच्या उजव्या हाताची बोटं आपोआप वळायची, जणू हातात कॅमेऱ्याची पकड आहे. "हाताला मुंग्या आल्यात का?" बायको विचारायची. तो "हो" म्हणून मोकळा व्हायचा.

"मोबाइलमध्ये येतात की फोटो," ती म्हणायची.

"मोबाइलमध्ये येतात. ह्यात उतरतात. सेन्सर केवढा मोठा असतो. अंधुक उजेडातही चित्र स्वच्छ, आणि माणसाच्या मागचं सगळं कसं लोण्यासारखं विरघळतं."

"आणि दोष?"

"दोष काय, सगळ्यातच असतात."

खरं तर ते त्याला तोंडपाठ होते. फोकसचे ठिपके सगळे मधोमध गर्दी करून बसलेले, मेमरी कार्डाला खाच एकच, आणि भराभर फोटो काढायला सांगितले की ह्याला धाप लागते. पण जिच्यावर जीव जडलाय तिच्या तक्रारी माणूस घरी सांगत नाही.

अशात बायकोची मोठी बहीण कायमची परदेशी जायला निघाली. जाण्याआधीच्या रविवारी माहेरी सगळे जमणार होते. बायकोने आदल्या आठवड्यात एकदाच काय ते सांगून टाकलं.

"तो कॅमेरा एक दिवस भाड्याने आणा. सगळ्यांचा मिळून एक फोटो काढा. सगळे हवेत आणि सगळ्यांचे चेहरे स्पष्ट हवेत. जमलं, तर आपण तो घेऊ. नाही जमलं, तर त्या काचेसमोर पुन्हा थांबायचं नाही."

चष्मेवाल्याला त्या आठवड्यात जेवण गोड लागेना.

रविवारी दुपारी सासूबाईंच्या हॉलमध्ये तीन रांगा लागल्या. पुढच्या सोफ्यावर मधोमध सासऱ्यांची थोरली बहीण, म्हणजे सगळ्यांची आत्या. सासूबाई सोफ्याच्या टोकाला. मागे बाकीची मंडळी. चष्मेवाल्याने कॅमेरा डोळ्याला लावला, क्षणभर तसाच धरून ठेवला, मग पडदे ओढले आणि ट्यूबलाइट बंद केली.

"भावजी, लाइट गेली?" मागून मेहुण्याने विचारलं.

"गेली नाही, मी घालवली. हीच तर ह्याची खासियत आहे."

त्याने लेन्सचं छिद्र पूर्ण उघडलं आणि बटण दाबलं. फोटो खरोखरच स्वच्छ आला. आत्याच्या चष्म्याची दांडी तर स्क्रूसकट मोजून घ्यावी इतकी स्पष्ट. तिच्या आजूबाजूला आणि कानामागे मात्र सगळं सासर लोण्यासारखं विरघळलं होतं.

सासूबाईंनी कॅमेऱ्याच्या मागच्या स्क्रीनवर डोळे बारीक करून पाहिलं. "जावईबापू, ह्यात मी कुठली?"

आता सगळे स्पष्ट यायचे तर लेन्सचं छिद्र बारीक करायला हवं होतं. छिद्र बारीक केलं की उजेड जास्त हवा. पडदे उघडून ट्यूबलाइट लावली तरी पुरेना आणि ह्या कॅमेऱ्याला स्वतःचा फ्लॅश नाही. शेवटी अभ्यासाच्या टेबलावरचा लॅम्प आणला. तो धरायला बायको उभी राहिली.

"आत्याच्या काचेत चमकतोय. लॅम्प जरा बाजूला घे."

ती सरकली.

"आता लॅम्पच चौकटीत येतोय. आणखी बाजूला."

ती पार खिडकीच्या पडद्याला टेकली.

तेवढ्यात त्याच्या लक्षात आलं, की फोकसचा एकही ठिपका सासूबाईंपर्यंत पोचत नाही. "आई, तुम्ही मध्ये बसा. आत्या, तुम्ही टोकाला."

"म्हणजे मी आता कडेला," आत्या जागची न हलता म्हणाली.

"फोकससाठी हो, आत्या."

"फोकसला मी चालत नाही असं सरळ सांग ना. एवढा मोठा कॅमेरा कशाला पुढे करतोस?"

तिची समजूत काढून जागा बदलल्या आणि बावरलेल्या चष्मेवाल्याच्या तोंडून दुकानातला रोजचा प्रश्न निसटला. "आता बरं दिसतंय, की मघाशी बरं होतं?"

"मघाशी," आत्या म्हणाली. त्यावर सगळ्यांनीच आपापली मतं दिली.

मग त्याने एकामागून एक बटण दाबायला सुरुवात केली. पण कॅमेरा पेन्शनराच्या चालीने चालायचा आणि दोन क्लिकच्या मधल्या फटीत डोळे उघडून मेहुणा नेमका क्लिकला मिटायचा. खाली मोठ्या बहिणीच्या टॅक्सीने हॉर्न दिला. पुन्हा दिला. ती उठणार, इतक्यात चाळिसावा फोटो निघाला आणि त्यात सगळ्यांचे डोळे उघडे होते. चष्मेवाल्याचे मात्र भरून आले.

टॅक्सी गेली, पांगापांग झाली. संध्याकाळी तिथेच त्याने लॅपटॉपवर तो फोटो उघडला. एकेक चेहरा लख्ख. कॅमेरा आता आपलाच, ह्या विचाराने त्याची बोटं आपोआप वळली. सासूबाईंनी कौतुकाने एकेकावर बोट ठेवत फोटो पाहिला, पुन्हा पहिल्यापासून पाहिला, आणि विचारलं, "आणि आमची धाकटी कुठंय?"

बायको पाण्याचे ग्लास गोळा करून उभी होती. मोठी बहीण एव्हाना विमानतळावर पोचली असेल. चष्मेवाल्याने उगाचच फोटो मोठा केला, डावीकडे सरकवला, आणि अगदी काठाशी त्याला एक बोटभर पट्टी दिसली. तिच्यात बायकोचा अर्धा चेहरा होता. एक डोळा, एक गाल आणि लॅम्पचा दांडा धरून अवघडलेलं मनगट. ती कॅमेऱ्याकडे बघत नव्हती. कॅमेऱ्यामागच्या माणसाकडे बघत होती. ती नजर त्याने ओळखली, कारण शोरूमच्या काचेत स्वतःच्या चेहऱ्यावर त्याला रोज तीच दिसायची. घरात आपल्या एकट्यालाच काहीतरी हवंय असं तो नऊ वर्षं समजत होता. त्याला मनापासून लाज वाटली.

"हा ह्याचा आणखी एक दोष," तो हळूच म्हणाला. "डोळा लावून जेवढं दिसतं, त्याहून काठाला थोडं जास्त येतं. आपल्याला दिसत नाही, पण फोटोत असतं."

"दोष कॅमेऱ्याचा म्हणताय?"

सासूबाई चहा टाकायचं निमित्त करून आत गेल्या.

"काठापर्यंत सगळं दिसणारा नसतो का?" बायकोने विचारलं.

"असतो. वरच्या मॉडेलचा."

"मग तो घ्या. हा नको."

"अगं, त्याला आणखी आठ-नऊ वर्षं लागतील."

"लागू देत," ती ग्लास खाली ठेवत म्हणाली. "तोवर नुसत्या डोळ्यांनी बघा."

चष्मेवाल्याने लॅपटॉपवरून नजर उचलली. ती आधीपासूनच बघत होती.