झाँसीची चार बोटं सावली

भूगोल हा माझ्या डाव्या हातचा मळ! निदान एकवीस जूनच्या दुपारी बारा वाजून सतरा मिनिटांपर्यंत तरी होता.

मी इंजिनियर, एप्रिलमध्ये कंपनीनं मला पुण्याहून झाँसीला पाठवलं. नगरा भागातल्या एका कॉलनीत घर मिळालं. मी ऑफिसात रुळलो, माझ्या बायकोनं, देविकेनं, भाजीवाल्याशी भांडण्याइतकी हिंदी आठवड्यात कमावली. अडली ती आमची अकरा वर्षांची चारुता. पहिल्याच दिवशी पार्कात जाऊन ती म्हणाली, "मेरे को भी खेलने को होना!" पाच पोरी पोट धरधरून हसल्या. त्यांची पुढारी रुचिरा तर बाकावर आडवीच झाली. तेव्हापासून चारुता संध्याकाळी गॅलरीत उभी राहून त्यांचा खेळ बघायची आणि विचारलं की म्हणायची, "मला आवडतच नाही खेळायला." बापाला अशी वाक्यं बरोबर कळतात. मला ते बघवेना.

म्हणून मी योजना आखली. पुण्यात आम्ही दर मे महिन्याच्या मध्यात ऑफिसच्या गच्चीवर शून्य सावलीचा दिवस साजरा करायचो. सूर्य अगदी डोक्यावर येतो आणि उभ्या वस्तूची सावली मिनिटभर नाहीशी होते! मी हिशेब केला: मेमध्ये सूर्य पुण्याच्या डोक्यावर, तिथून तो उत्तरेकडे सरकतो, झाँसी उत्तरेला, आणि एकवीस जूनला तो सगळ्यात वर असतो. म्हणजे एकवीस जूनला झाँसीत सावली गायब! सगळी कॉलनी बघायला येणार, आणि चारुता त्या जादूगाराची लेक ठरणार.

"नक्की ना, बाबा?" चारुतानं विचारलं.

"अगं, पृथ्वी काय सरकारी बस आहे उशिरा यायला?"

एवढ्यावर ती तडक पार्कात गेली आणि पैज लावून आली. सावली गेली तर तिला खेळायला घ्यायचं. नाही गेली तर उरलेली सुट्टी तिनं पार्कात पाऊल टाकायचं नाही. देविका मला म्हणाली, "सुबोध, एकदा कुठेतरी वाचून खात्री कर ना." मी हसलो. विद्वान माणसं हसतात तसं!

कॉलनीचे सेक्रेटरी श्यामसुंदरजी यांची परवानगी हवी होती. मी त्यांना पार्कात खुर्चीवर बसवलं आणि म्हटलं, "आप सूर्य हैं." त्यांना ते लगेच पटलं. मग मी एका खरबुजात विणायची सुई आरपार घातली, खरबूज तिरपं धरलं आणि त्यांच्याभोवती फिरायला लागलो. पृथ्वी सरळ उभी नाही, साडेतेवीस अंशांनी कललेली आहे, आणि सूर्याभोवती फिरताना तिचा कल एकाच दिशेला राहतो. मी सुईचं टोक सतत पाण्याच्या टाकीकडे ठेवत होतो. त्यापायी कधी मला पाठमोरं चालावं लागत होतं, कधी खेकड्यासारखं.

"इधर देखिए, उत्तर का हिस्सा आपकी तरफ झुका है. गर्मी! अब मैं उधर गया. वही हिस्सा आपसे दूर. सर्दी, रजाइयाँ निकालो! सीधी खड़ी होती तो मौसम ही नहीं बदलते!"

"वाह," श्यामसुंदरजी म्हणाले. "और खरबूजा बाद में काटेंगे?"

हे सगळं त्यांच्या पत्नी शकुंतलाभाभींनी वरच्या गॅलरीतून पाहिलं. ऐकू काहीच गेलं नाही, फक्त दिसलं. एक माणूस आपल्या नवऱ्याभोवती फळ घेऊन तीन वेळा फिरतो, तोंडानं काहीतरी पुटपुटतो, मधूनच उलटा चालतो! झाँसीत काय आणि पुण्यात काय, याचा एकच अर्थ होतो. संध्याकाळपर्यंत कॉलनीभर झालं की महाराष्ट्रातून आलेले साहेब नजर उतरवतात, आणि एकवीस तारखेला सावलीबरोबर प्रत्येकाची पीडाही घालवणार आहेत!

मी दारोदार जाऊन खुलासा केला. "देखिए, ये विज्ञान है!" लोक डोळा मारून म्हणायचे, "समझ गए भैयाजी, खुलकर थोड़े ही बोलेंगे!" तिसऱ्या दिवशी एक बाई आपल्या जावयाचा फोटो घेऊन आल्या. तो स्वतः कानपूरला असतो, फोटोची सावली गेली तर चालेल का, असा त्यांचा प्रश्न होता.

एकच माणूस मला सावध करू पाहत होता. खंडेराव गेटजवळ राहणारे मार्तंडकाका. त्यांचं घराणं सात पिढ्यांपूर्वी महाराष्ट्रातून इकडे आलेलं, आणि ते स्वतः बांधकाम खात्यातून ओव्हरसियर म्हणून निवृत्त झालेले. मी आमंत्रण द्यायला गेलो तर म्हणाले, "बेटा, आमच्या आंगणात तर जेठच्या दुपारी पण थोडीशी छाँव..."

"काका, बारा वाजता नाही हं, बारा सतराला! घड्याळातले बारा आणि सूर्याचे बारा वेगळे!"

"हाँ, तो ठीक आहे. पण सूर्य इथपर्यंत..."

"टोपी घालून या!" मी म्हटलं आणि स्कूटर सुरू केली.

एकवीस जून उजाडला. जूनमध्ये भर दुपारी झाँसीत दोनच माणसं रस्त्यावर असतात: ड्यूटीवरचा पहारेकरी आणि नुकता बदलून आलेला कर्मचारी. पण त्या रविवारी पार्कात साठ-सत्तर जण जमले! डोक्याला ओले पंचे, खिशात कांदे, हातात छत्र्या. छत्र्या मिटायला लावल्या, कारण छत्रीखाली सावली कशी जाणार! मधोमध मी सहा फुटी लोखंडी पाइप रोवला होता. चारुता पाइपाच्या उजवीकडे, रुचिराची टोळी डावीकडे. मार्तंडकाका सुराहीभर कैरीचं पन्हं घेऊन कडुनिंबाखाली बसले होते.

पावणेबारा. सावली वीतभर.

"घट रही है!" कुणीतरी ओरडलं. शकुंतलाभाभींनी हात जोडले.

बारा पंधरा. सावली चार बोटं. चारुतानं माझ्याकडे बघून मान डोलावली. तिचा चेहरा उन्हानं लालबुंद झाला होता आणि आनंदानं त्याहून लाल.

बारा सतरा. चार बोटं.

बारा अठरा. चार बोटं! एवढ्या उन्हात आइस्क्रीम केव्हाच विरघळलं असतं, ही सावली मात्र निगरगट्ट!

"अंकल, गई नहीं," रुचिरा म्हणाली.

"जाएगी, जाएगी!" मी घड्याळाकडे बघत म्हटलं. लोक कुजबुजायला लागले. आणि तेव्हा माझ्या डोक्यात भर उन्हात वीज चमकली: पुण्याहून उत्तरेकडे निघालेला सूर्य एकवीस जूनला परत फिरतो, हे मला माहीत होतं. पण कुठून? कर्कवृत्तावरून! ते तर भोपाळच्या किंचित वर, विदिशेच्या बाजूला. बदलीच्या वेळी रेल्वेनं मी तेच ओलांडलं होतं आणि त्या वेळी वरच्या बर्थवर घोरत होतो! भोपाळपर्यंत येऊन झाँसीला न येताच परत जाणाऱ्या मामासारखा हा सूर्य. तो इथे डोक्यावर कधी आला नव्हता आणि येणारही नव्हता.

चारुता माझ्याकडे बघत होती. तिच्या नजरेत अजून शंका नव्हती, आणि तेच मला सहन झालं नाही. मी घाम पुसण्याच्या मिषानं पाइपाजवळ गेलो आणि बुटाच्या टाचेनं बुंध्याला हळूच रेटलं. पाइपाचं टोक दक्षिणेकडे, सूर्याकडे, जरासं झुकलं. सावली सरकत सरकत पायथ्याशी आली आणि नाहीशी झाली!

काय तो जल्लोष! टाळ्या, शिट्ट्या, "पीड़ा गई!" अशा आरोळ्या. कानपूरच्या जावयाचा फोटो तीन वेळा उंचावला गेला. रुचिरानं चारुताचा हात धरला. "मान गए! शाम को आ जाना!"

आणि माझ्या लेकीनं पाइपाकडे पाहिलं. मग मागच्या टाकीच्या खांबाकडे, मग पुन्हा पाइपाकडे. तिचा हात रुचिराच्या हातातून सुटला.

"बाबा," ती म्हणाली, "पाइप तिरपा आहे."

"नाही गं, वाऱ्यानं..."

"वारा नाहीये, बाबा." मग तिनं रुचिराकडे वळून सगळ्यांसमोर आपल्या त्या हिंदीत सांगितलं, "पाइप को तिरछा किया है. छाया नहीं गई. मैं हार गई."

"अरे पागल, तू तो जीत गई थी!" रुचिरा म्हणाली.

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच! धरणीमाय पोटात घेईना, ती आपली साडेतेवीस अंशांत कलून मजेत फिरत होती. कुणी "धोखा!" म्हणालं. श्यामसुंदरजींनी विचारलं, "मतलब मुझ पर खरबूजा भी बेकार गया?" शकुंतलाभाभी तर रडकुंडीला आल्या. "तो पीड़ा वापस आ गई क्या?"

मार्तंडकाका निंबाखालून उठले. त्यांनी पिशवीतून ओळंबा काढला, गवंडी वापरतात तसाच, दोरीला लोंबणारं पितळी वजन. मला हातानं बाजूला सारून म्हणाले, "सुनो भाई. इंजिनियरसाहेबांनी गलती केली नाही, फक्त बात अधूरी सोडली. पूरी आपण करू." मग पोरींना हाक मारली, "चलो बिटिया लोग, धागा कौन पकड़ेगा? जिसका हाथ न काँपे."

ओळंब्याची दोरी चारुतानं धरली. पाइप सरळ केला तशी चार बोटं सावली परत आली. पोरींनी तो पुन्हा तिरपा केला, सावली संपेपर्यंत, आणि दोरीपासून किती कलला ते कोनमापकानं मोजलं. दोन अंश! काका म्हणाले, पृथ्वीचा घेर धरला तर एका अंशाला साधारण एकशे अकरा किलोमीटर. रुचिरानं मातीत काडीनं गुणाकार केला. "दो सौ बाईस! बाबाजी, सूरज हमसे इतनी ही दूर से लौट जाता है?"

"बस, इतनी ही दूर से," काका म्हणाले. "एक पाइप और एक सच्ची लड़की, इतने में पता चल गया."

मग त्यांनी सगळ्यांना पन्हं पाजलं, शकुंतलाभाभींना आधी, आणि पीडा पन्ह्यानंही उतरते असं छातीठोकपणे सांगितलं. मला शेवटचा पेला दिला. मी म्हटलं, "काका, तुम्ही तेव्हाच सांगत होतात. मी ऐकलं नाही." ते म्हणाले, "आता पी." मला भरून आलं. दोनदा तोंड बंद केलं होतं मी या माणसाचं, आणि भर पार्कात माझी लाज राखली ती त्यांनीच. मनापासून सांगतो, एवढं थंड पन्हं आणि एवढा मोठा माणूस मी पुण्यात पाहिला नव्हता.

घरी चारुता पुन्हा गॅलरीत जाऊन उभी राहिली. मी तिच्यासमोर कान पकडले. ती म्हणाली, "असू दे, बाबा. पण पैज मी हरलेच ना."

साडेपाचला बेल वाजली. दारात रुचिरा आणि पाठीमागे चार पोरी. काकांचा ओळंबा त्यांच्या हातात!

"अंकल, चारुता को भेजिए. सेक्रेटरी अंकल की नई दीवार टेढ़ी लग रही है, नापनी है. धागा वही पकड़ेगी."

"पण पैज?" आतून धावत आलेली चारुता म्हणाली.

"अरे, जो जीतकर भी हार बता दे, उसके बिना नापें किससे?"

चारुता चप्पल घालायलाही थांबली नाही. माझा ऊर भरून आला. मी म्हटलं, "रुको, मैं भी चलता हूँ! दीवार का मामला है, इंजीनियर तो चाहिए!"

पोरींनी एकमेकींकडे पाहिलं. मग रुचिरा फार आदरानं म्हणाली, "अंकलजी, आप रहने दीजिए. दीवार पहले से ही टेढ़ी है."