मानकात न बसलेली आग

माणूस असो वा वस्तू, तिची खरी ओळख अंगात काय आहे यावरून पटत नाही, अंगावर काय लिहिले आहे यावरून पटते. हे सत्य आपल्या ऋषिमुनींच्या ध्यानात आले नाही, कारण त्यांच्यापैकी कोणीही दुबईला नोकरीला नव्हते.

अंबादास खरवंडीकर मात्र होता. पाथर्डीकडचा हा बी.कॉम. झालेला सालस माणूस यतीनशेठच्या कंत्राटी कंपनीत हिशेबनीस म्हणून यायचा होता, पण शेठकडे त्या वेळी इलेक्ट्रिकल इंजिनिअरचा एकच व्हिसा शिल्लक होता. त्यामुळे अंबादास मुंबईला हिशेबनीस म्हणून विमानात बसला आणि दुबईला इंजिनिअर म्हणून उतरला. (तीन तासांत ही पदवी देणारे दुसरे विद्यापीठ अजून निघालेले नाही.)

पदवी मिळाल्यावर त्याने अभ्यासही केला, हे त्याच्याबद्दल सांगितलेच पाहिजे. इंग्रज हा मुलूख सोडून गेले, पण जाताना भिंतीभिंतीत तीन चौकोनी भोके ठेवून गेले, आणि त्या भोकांत जे काही जाईल त्याला ब्रिटिश स्टँडर्डचा, म्हणजे 'बीएस'चा, एकेक नंबर देऊन गेले. हे नंबर अंबादासने परवच्यासारखे पाठ केले. प्लगच्या पोटातला बोटाच्या पेराएवढा फ्यूज दिसला की तो म्हणे, "बीएस १३६२." चिनी मातीच्या खोबणीत तार ओवायचा जुना फ्यूज, ३०३६. (तार संपली की तिथे सिगारेटच्या पाकिटातली चांदी लावतात. तिला इंग्रजांनी अजून नंबर दिलेला नाही, ही त्यांच्या संशोधनातली त्रुटी आहे.) कानाला बोल्ट असलेला कारखान्याचा दांडगा फ्यूज, ८८. आणि भार वाढला की स्वतःहून पडून वीज तोडणारा तो ब्रेकर; तो जुना असेल तर ३८७१, नवा असेल तर ६०८९८.

हळदीकुंकवाला आलेल्या बायकासुद्धा जाताना पर्समधून जळका प्लग काढून त्याच्यापुढे धरत. अंबादास नंबर सांगे. प्लग दुरुस्त होत नसे, पण ओळख पटल्याचे समाधान सगळ्यांच्या चेहऱ्यावर दिसे.

१९९६ साली दुबईतल्या मुहैस्नाहला कामगारांचा एक मोठा कॅम्प बांधायचे काम यतीनशेठला मिळाले. कन्सल्टंटचा तपासनीस इद्रीस हा सुदानी गृहस्थ फार कडक होता. चष्मा चढवून तो एकेका ब्रेकरवरचा नंबर वाची. बाकी काही बघत नसे, कारण त्याला नंबर बघायला नेमले होते आणि तो आपल्या कामाशी प्रामाणिक होता. त्याने बजावले, जुना ३८७१ चालणार नाही, ६०८९८ च पाहिजे. मंजुरीसाठी अंबादासने अस्सल नमुने नेऊन दाखवले. ते मंजूर झाले. मंजूर झालेले नमुने पुढे कुणाच्याच कामाचे नसतात, म्हणून ते त्याने शारजाच्या आपल्या फ्लॅटमध्ये बसवून टाकले.

कॅम्पसाठीचा माल मुनीर नावाच्या व्यापाऱ्याच्या दुकानातून आला. खोके उघडले तेव्हा ब्रेकर कोरे करकरीत होते, नंबराचे स्टिकर वेगळ्या गुंडाळीत.

"हबीबी, कौनसा नंबर चाहिए वो बोलो," मुनीर हिंदीत म्हणाला, "३८७१ भी है, ६०८९८ भी है. माल एक ही है."

अंबादासला शंका आली. त्याने एक ब्रेकर स्क्रू-ड्रायव्हरने फोडला. आत एक सरळ तांब्याची पट्टी होती, आणि हातात घेतल्यावर वजन लागावे म्हणून शिशाचा एक तुकडा. पडायची सोयच नव्हती.

"ये गिरेगा कैसे?" त्याने विचारले.

"गिरनेवाला चाहिए?" मुनीर दुखावला. "वो महंगा पडेगा. लोग तो शिकायत करते हैं कि गिरता है!"

अंबादास तडक यतीनशेठकडे गेला.

"शेठ, हे ब्रेकर ट्रिपच होणार नाहीत."

"अरे, मग चांगलंच की! लाइट गेली म्हणून एक कम्प्लेंट यायची नाही," शेठ म्हणाले. "गुरुवारी हॅन्डओव्हर आहे. स्टिकर लाव, सही कर, यल्ला, चल लवकर."

"शेठ, इंजिनिअर म्हणून मी…"

"तू इंजिनिअर आहेस?" शेठने चष्म्यावरून पाहिले. "व्हिसावर आहेस ना? मग तसाच राहा. तो ब्रेकर पण नंबरावर आहे. दोघांनी एकमेकांच्या आत बघायचं नाही. नाहीतर व्हिसा खलास."

अंबादासला घाम फुटला तो एवढ्याचसाठी नव्हे. त्या कॅम्पात दगडू राहायला येणार होता. दगडू त्याच्या गावचा, प्लास्टरच्या कामात हात बसलेला, आणि व्हिसावर मच्छीमार. (दगडूने समुद्र प्रथम पाहिला तो विमानातून. मासा तो खात नाही.) हा व्हिसा अंबादासनेच मिळवून दिला होता, आणि निघताना दगडूच्या आईने अंबादासचे दोन्ही हात धरून सांगितले होते, "लेकराकडं ध्यान ठिव बाबा." आता त्या लेकराची कॉट नेमकी ब्रेकरच्या बोर्डाखाली येणार होती. आणि कॉटखाली त्याची गावी न्यायची ट्रंक: दोन जाड ब्लँकेटे, अत्तर, भाच्याला सेलवर चालणारी मोटार, आईला बॅटरी.

घरी जेवणही गेले नाही. तो बायकोला, सुलभाला, सांगणार होता, पण तेवढ्यात मिक्सर आणि इस्त्री एकदम चालू झाली आणि फ्लॅट अंधारात बुडाला.

"अहो, काय हे! बिल्डिंगमध्ये सगळ्यांकडे लाइट आहे, फक्त आपल्याकडे जाते. म्हणे इंजिनिअर!"

"बाबा, धिस इज सो एम्बॅरसिंग," मुलगी पर्णिका म्हणाली.

अंबादासने उठून ब्रेकर वर केला. पर्णिकाची शाळा, फ्लॅटचे भाडे, नगरला चाललेले घराचे बांधकाम, सगळा भार त्या एका व्हिसावर होता. गुरुवारी त्याने सही केली. करताना त्याला भीती वाटली आणि लाजही वाटली. मात्र अंबादासही त्याच लॉटमधला. वाटेल तेवढा भार आला तरी पडला नाही.

इद्रीसने सर्व ब्रेकर तपासले. शंभर टक्के ब्रेकरवर नंबर आढळला. उरलेल्यांवर दुपारी आढळला.

आणि पुढच्याच महिन्यात, एका शुक्रवारी भर दुपारी, दगडूच्या खोलीत आठ जणांच्या आठ हॉटप्लेटी एकाच वेळी चालू झाल्या. दगडू पिठले हाटत होता. भिंतीतली वायर तापली, वितळली, पेटली. ब्रेकर मात्र जागचा हलला नाही. खोलीतले बाकी सगळे हलले, म्हणून वाचले.

बातमी कळताच अंबादास गाडी कशीबशी हाकत पोचला. दगडू काळाठिक्कर होऊन वाळूत बसला होता. भुवया नव्हत्या. त्याला जिवंत पाहून अंबादासला तिथल्या तिथे रडू आले.

"भाऊ, रडू नगा," दगडू म्हणाला. "ट्रंक गेली, समदं गेलं. पण येक सांगतो, खोली जळून कोळसा झाली तरी लाइट गेली न्हाई! काय माल बशिवलाय तुमी!"

चौकशी करणे भाग होते. कंपनीत इंजिनिअर एकच असल्याने चौकशी समितीही एकट्या अंबादासची झाली. तिचे निष्कर्ष शेठने सांगितले आणि समितीने एकमताने स्वीकारले. ब्रेकरवर ६०८९८ हा नंबर आहे. या नंबराचा ब्रेकर भार वाढल्यास पडतो. ब्रेकर पडलेला नाही, अर्थात भार वाढलेला नाही. भार वाढलेला नसताना लागलेली आग कोणत्याही मानकात बसत नाही, सबब कंपनी तिची दखल घेऊ शकत नाही. तथापि, मच्छीमाराच्या व्हिसावर आलेल्या इसमाला पिठले करण्याचे प्रयोजन काय, याचा खुलासा होत नाही.

इद्रीसने येऊन जळका ब्रेकर पुसून पाहिला. स्टिकर शाबूत होता. तो समाधानाने परत गेला.

मच्छीमाराचा व्हिसा रद्द झाला. विमानतळावर दगडूकडे द्यायला अंबादासजवळ काय होते? ट्रंक तर परत येणार नव्हती. त्याने कंपनीच्या लेटरहेडवर टाइप केलेले एक सर्टिफिकेट त्याच्या खिशात घातले: इलेक्ट्रिकल सुपरवायझर, ब्रिटिश मानकांचा विशेष अनुभव.

"भाऊ, पन मला तर निस्तं प्लास्टर येतंय."

"लिहिलंय ना त्यात? मग झालास," अंबादास म्हणाला. "आईला सांग, मी ध्यान ठेवलं."

मुनीरनेही मोठ्या मनाने एक खोके भेट दिले, स्टिकरच्या गुंडाळीसकट.

आज दगडूचे फार चांगले चालले आहे. आईला त्याने बॅटरी नव्हे, इन्व्हर्टर घेऊन दिला. गल्फ रिटर्न म्हणून पुण्याच्या बिल्डरांत त्याला मोठा मान आहे. कोथरूडपासून वाकडपर्यंत नव्या सोसायट्यांचे वायरिंग त्याच्याकडेच असते आणि माल मुनीरकडूनच येतो. कामाबद्दल आजवर एकही तक्रार नाही. लाइट जाते ती फक्त शारजाला, अंबादासच्या घरी; सुलभाने त्याबद्दल बोलणेही आता सोडले आहे.

आपणही हे वाचून झाल्यावर दारामागचा बोर्ड उघडून पाहावा. नंबर स्वच्छ, ठळक, सरळ रेषेत असेल. मनाची खात्री करून घ्यावी, झाकण लावावे, आणि गीझर, इस्त्री, मिक्सर खुशाल एकदम चालू करावे. फक्त जाता जाता एवढेच आठवून पाहावे, आपल्या घरातला ब्रेकर शेवटचा कधी पडला होता?